डाव्या हाताला उभी

पेंटर आणि पेंटरीणबाई यांच्या भांडणाचे काही कायदे होते. भांडण झालं म्हणून काम थांबवायचं नाही, हा पहिला. आणि भांडण मिटेपर्यंत एकमेकांशी थेट बोलायचं नाही, हा दुसरा. बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. "सरकारांना सांगा, निळा संपला," असं पेंटरने बाकड्यावर उभं राहून हवेत म्हणायचं, आणि त्याच्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या बाईंनी निळ्याचा डबा उघडता उघडता "त्यांना सांगा, डोळे असतील तर दिसेल," असं समोरच्या भिंतीला सुनवायचं. तिसरं माणूस नसलं तर दिव्याचा खांब चालायचा, एखादं झोपलेलं कुत्रंही चालायचं. गिऱ्हाइकांना या तमाशाची सवय झाली होती. खरं सांगायचं तर दोघांचं इतकं गुळपीठ होतं की भांडल्याशिवाय त्यांना रंग चढत नसे.

त्या दिवशीचं भांडण गोळीवरून झालं. पेंटरला रक्तदाब होता, आणि रक्तदाबाची गोळी घेतली की बाकड्यावर गरगरतं, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. सकाळी चहा पिताना बाईंनी गोळी पुढे केली, त्याने ती बशीखाली सरकवली.

"तू काय डॉक्टर लागून गेलीस?"

"नाही ना? मग घ्या, नका घेऊ. मरा तिकडे. आजपासून मी तुमच्याकडे बघायचीसुद्धा नाही!"

एवढं बोलून बाईंनी रंगाच्या पिशव्या उचलल्या आणि त्या एकट्याच पुढे निघाल्या. त्यांची जीभ अशी होती की आधी सुटायची आणि मग पस्तावायची. पण पस्तावा चारचौघांत दाखवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

काम होतं एका संस्थेच्या भिंतीचं. मेंदूच्या आजारांनी ज्यांचा हात, पाय, बोलणं किंवा आठवण गेली, अशांना तिथे पुन्हा शिकवत. लोकांना हे आजार कळावेत म्हणून रस्त्याकडच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं होतं. खालची ओळ पेंटरने आदल्या दिवशीच टपोऱ्या अक्षरांत लिहून टाकली होती, 'ओळखा. वेळ दवडू नका.' वर एका बाईंचा हसरा चेहरा यायचा होता. त्यासाठी फोटो घेतला होता तो काठीवाल्या मावशींचा.

या मावशी एके काळी बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना सांगायच्या. सगळं गाव त्यांच्या आवाजावर घड्याळ लावायचं म्हणे. मग मेंदूतली एक नस बंद पडली, उजवं अंग लुळं झालं आणि शब्द घशाशी अडकायला लागले. डोक्यात सगळं लख्ख होतं. तोंडापर्यंत यायला त्याला उशीर लागायचा, एवढंच. पण तेवढं थांबायला कुणाला वेळ नसतो. मावशींनी वाक्य सुरू केलं की संस्थेचे सेक्रेटरी ते घाईघाईने पूर्ण करून द्यायचे. त्यांचा हेतू चांगला होता. हसताना मावशींच्या तोंडाचा उजवा कोपरा किंचित खाली ओघळायचा, आणि पेंटरला नेमकं तेच हसू आवडलं होतं. "हे हसू दुरुस्त करा म्हणालात तर काढणार नाही," असं त्याने सेक्रेटरींना आधीच बजावून ठेवलं होतं.

भिंतीवर चौकटी आखून चेहऱ्याची खडूची रेघ आदल्या दिवशी पुरी झाली होती. आता नुसता रंग भरायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम, पाहुणे, भाषणं.

बाई बाकडं लावून, डबे मांडून आपल्या जागेवर, म्हणजे बाकड्याच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने पेंटर आला. फाटकातून आत येताना त्याचा डावा खांदा खांबावर चांगलाच आपटला. बाईंना हसू आलं. रागात माणूस आंधळा होतो म्हणतात ते खोटं नाही, असं त्यांनी मनात म्हटलं आणि मान फिरवली. बघायचं नाही म्हणजे नाही. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून एवढं दिसलंच की गालावर दाढीचे खुंट तसेच आहेत. उद्या कार्यक्रम आहे, दाढी करा, असं त्यांनी काल सांगितलं होतं. म्हणजे तेही मुद्दाम!

तेवढ्यात पलीकडून सेक्रेटरी आले आणि म्हणाले, "वा पेंटर, दाढीबिढी करून एकदम तयारीत आज!"

या माणसाला चष्मा बदलायला हवा, असं बाईंना वाटलं. पेंटर मात्र खुशीत हसला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "आमचे सरकार कुठे गेले? दिसत नाहीत."

बाई त्याच्यापासून हातभरावर उभ्या होत्या. सेक्रेटरींना हा नवराबायकोचा खेळ ठाऊक होता. ते खो खो हसले. "काखेत कळसा अन् गावाला वळसा!"

"त्यांना सांगा," बाई भिंतीला म्हणाल्या, "सरकार मेलं. आता नोकर आहे इथे."

पेंटरने उजवीकडे मान वळवली, जरा वेळ तिकडे बघितलं, आणि खांदे उडवून ब्रश उचलला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हाक इकडून आणि बघायचं तिकडे! आजवर त्याने टोमणे खूप मारले होते, पण त्या नाहीतच असं कधी केलं नव्हतं.

काम सुरू झालं. एरवी काय व्हायचं, तर पेंटर भिंतीवरची नजर न काढता डावा हात मागे करायचा आणि बाई त्या हातात हवा तो ब्रश ठेवायच्या. कोणता हवा हे त्याला कधी सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवशी डावा हात मागे आलाच नाही. तो बाजूला नुसता लोंबत राहिला. पेंटर बाकड्याच्या उजव्या टोकाला ठेवलेले डबे स्वतः वाकून घेत होता, ब्रश स्वतः बदलत होता. बाईंनी एकदा रुंद ब्रश पुढे केला, तोही त्याने घेतला नाही. एवढं? माझ्या हातचा ब्रशसुद्धा नको? त्यांनी तो ब्रश पाण्यात टाकला आणि त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

दुपारी डबा उघडला. एका बाजूला भाकरी आणि चटणी, दुसऱ्या बाजूला भाजी. डबा पेंटरपुढे ठेवून बाई लांब जाऊन बसल्या. पेंटरने भाकरी खाल्ली, चटणी पुसून खाल्ली आणि सेक्रेटरींना म्हणाला, "आमच्या घरी सांगा हो, आज भाजीला सुट्टी दिलेली दिसते."

भाजी त्याच्या डाव्या हाताशी जशीच्या तशी होती. सेक्रेटरींनी पुन्हा हसून घेतलं. बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. पहाटे उठून केलेली भाजी होती ती. माणसाने रुसावं, पण अन्नावर राग काढावा?

आणि मग, ऊन भिंतीवरून उतरायच्या आत, पेंटर बाकड्यावरून खाली उतरला, दोन पावलं मागे आला, ब्रश फडक्याला पुसला आणि म्हणाला, "झालं."

बाईंनी न राहवून भिंतीकडे पाहिलं.

चेहरा बरोब्बर अर्धा झाला होता. नाकाच्या मधल्या रेघेपासून उजवीकडचा भाग जिवंत, गालावर लाली, डोळ्यात चमक, केसांची बट न् बट. आणि डावीकडे काही नाही. पांढरी भिंत आणि खडूच्या चौकटी. मावशींचा तो ओघळलेला उजवा कोपरा, जो समोरून बघताना डावीकडे येतो आणि ज्याच्यासाठी हा माणूस सेक्रेटरींशी हुज्जत घालून आला होता, तो कोपराच भिंतीवर नव्हता.

बाई हबकल्या. पण पहिला विचार आला तो रागाचाच. माझी बाजू सोडली! मी ज्या बाजूला उभी, तेवढीच बाजू सोडली! भांडण माझ्याशी आणि सूड भिंतीवर! आता सेक्रेटरी तमाशा करणार, म्हणून त्या पदर खोचून तयारच झाल्या.

पण सेक्रेटरी भिंतीपुढे हात जोडून उभे होते.

"काय कल्पना आहे पेंटर! आजाराने माणसाचा अर्धा भाग पुसून टाकला! अहो, आम्ही वर्षानुवर्षं भाषणं करतो, तुम्ही एका चित्रात सांगितलंत!" त्यांनी फोन काढला, भिंतीचे फोटो काढले आणि उभ्या उभ्या सगळ्या सभासदांना, पाहुण्यांना, ओळखीपाळखीच्यांना पाठवून दिले.

पेंटर गोंधळून हसत होता. "कल्पना कसली? चेहरा आहे. फोटोत होता तसा."

"बघा, किती विनय!" सेक्रेटरी म्हणाले.

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. लोक वाहवा करतायत, आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करा? भांडण मिटेल तेव्हा बघू, असं ठरवून त्या डबे गोळा करू लागल्या. पुढे आयुष्यभर त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते याच क्षणाने.

मावशी आल्या त्या अशा वेळी. काठी टेकत, उजवा पाय ओढत, आपलं चित्र बघायला. सेक्रेटरींनी त्यांना भिंतीसमोर उभं केलं. मावशींनी चित्र पाहिलं. मग पेंटरकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ते... ते..." मावशी म्हणाल्या.

"ते छान झालंय ना?" सेक्रेटरी म्हणाले.

मावशींनी जोरजोरात मान हलवली. "ना... ही. ते... डा..."

"अर्धाच काढला म्हणून वाईट वाटलं का? अहो मावशी, त्यामागे अर्थ आहे. मी सांगतो ना तुम्हाला."

मावशींनी काठी जमिनीवर आपटली. त्या कधी चिडत नसत, त्यामुळे सेक्रेटरी दचकून गप्प बसले. मग मावशी कुणाचं काही न ऐकता चालत निघाल्या, पेंटरला वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला, बाईंच्या शेजारी येऊन थांबल्या. पाण्यातला रुंद ब्रश उचलला आणि पेंटरच्या डाव्या हातापुढे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. एकच शब्द, पण स्पष्ट.

पेंटर सेक्रेटरींकडे बघून हसत राहिला.

ब्रशमधून पाणी गळून त्याच्या डाव्या पायावर पडत होतं. त्याने पाय हलवला नाही. मावशींनी ब्रश वर नेला, त्याच्या डाव्या डोळ्यासमोर हलवला. पापणी लवली नाही.

"मावशी कुठे गेल्या?" पेंटर म्हणाला. "आत्ता तर इथे होत्या. चित्र आवडलं नाही वाटतं."

बाईंच्या हातातून डबा सुटला. पिवळा रंग फरशीवर पसरला, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मावशी आल्या की बाकड्यावरून खाली उतरून नमस्कार करणारा हा माणूस. माझ्यावर रुसला असेल. मावशींवर कशाला रुसेल? मावशींशी याचं काय भांडण आहे?

बाईंनी कायदा मोडला. "अहो," त्या थेट म्हणाल्या. "अहो, इकडे बघा."

पेंटरने चटकन मान वळवली. उजवीकडे.

"इकडे! माझ्याकडे!"

तो उजवीकडेच शोधत राहिला, फाटकाकडे, खांबाकडे, सेक्रेटरींच्या मागे. तोंडावर राग नव्हता, रुसवा नव्हता. हाक ऐकू येते आणि माणूस सापडत नाही, एवढंच त्या तोंडावर होतं. बाई धावत जाऊन त्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचं तोंड पुरं बघितलं. उजवा गाल गुळगुळीत होता. डाव्या गालावर खुंट होते. मधोमध, नाकाखाली, वस्तरा थांबला होता, जसा भिंतीवर रंग थांबला होता.

"सेक्रेटरी," त्या किंचाळल्या, "यांना काहीतरी झालंय!"

सेक्रेटरींना पत्रकं तोंडपाठ होती. त्यांनीच तर ती छापून वाटली होती. पण ऐन वेळी त्यांची पाचावर धारण बसली. "पण... तोंड वाकडं नाही. बोलतायत तर नीट. पेंटर, तुम्ही दोन्ही हात वर करा बघू."

पेंटरने उजवा हात वर केला.

"दोन्ही, पेंटर."

"केले की."

"डावा कुठे आहे?"

"हा काय, वर." पेंटर चिडला. "काय चाललंय तुमचं? दोन्ही हात वर करून उभा आहे माणूस, आणि तुम्ही दिसत नाही म्हणता?"

डावा हात मांडीशी लोंबत होता. बोटांना रंगाचा एक थेंबही लागलेला नव्हता. त्याला तो दिसत नव्हता, आणि दिसत नाही हेही त्याला कळत नव्हतं. एवढा वेळ त्या ज्याच्यावर जळत होत्या तो माणूस असा खोटं न बोलता खोटं सांगत उभा होता, एक हात वर करून, 'ओळखा' या आपल्याच अक्षरांसमोर.

गाडी आली, गाडी निघाली, ते बाईंना पुढे कधी नीट आठवलं नाही. आठवलं ते फक्त तपासून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलेलं. डॉक्टर तरुण होते, आवाज शांत होता.

"तुम्ही त्यांना शेवटचं ठीक असलेलं कधी पाहिलंत?"

"सकाळी. चहाच्या वेळी."

"आणि हे कधीपासून लक्षात आलं? दिवसभर तुम्ही सोबतच होतात ना?"

"सोबतच होते," बाई म्हणाल्या. "पण मी पाहिलंच नाही त्यांच्याकडे. मला वाटलं, रुसलेत."

डॉक्टरांनी कागदावर 'सकाळ' असं लिहिलं. मग त्यांनी सांगितलं. मेंदूच्या उजव्या बाजूची नस बंद झाली होती. अशा वेळी माणसाचं डावं जगच त्याच्यापुरतं संपतं. तो ताटाचा अर्धा भाग खातो, अर्धी दाढी करतो, आणि आपल्याला सगळं दिसतंय असं शपथेवर सांगतो. गुठळी विरघळवणारं औषध असतं, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. ती वेळ निघून गेली होती. जीव वाचेल. बाकी किती परत येईल ते आत्ता सांगता येत नव्हतं. "तुम्ही त्यांच्या डावीकडे बसत जा. डावीकडून बोलत राहा, हात धरा. त्यांना तिकडे वळायला शिकवावं लागेल."

बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. शेजारी सेक्रेटरी डोकं धरून बसले होते. त्यांच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. अर्ध्या चेहऱ्याचं अभिनंदन येत होतं, कुणी टाळ्या पाठवत होतं, कुणी विचारत होतं की हा कलावंत कोण. शेवटी त्यांनी फोन बंद केला आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

मावशीही आल्या होत्या. संस्थेच्या वर्गात शेजारी बसून अर्धंच चित्र काढणारी माणसं त्यांनी पाहिली होती. त्या बाईंकडे वळून बसल्या. "माझं... पण..." त्या म्हणाल्या आणि अडल्या. सेक्रेटरींचं तोंड सवयीने उघडलं, तशी बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. दोघी बसून राहिल्या. माणसं आली, गेली, कुठेतरी ट्रॉलीचं चाक कुरकुरलं, आणि मावशींचं वाक्य तुकड्या तुकड्याने बाहेर आलं. "माझं... पण... असंच. मी... सांगत... होते. कुणी... थांबलं... नाही."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं बाई हजारदा म्हणाल्या असतील. त्या म्हणीचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला. त्यांनी मावशींचा लुळा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्या पहिल्यांदा रडल्या.

संध्याकाळी आत सोडलं. पेंटर उशीला टेकून होता, तोंड उजवीकडे, खिडकीच्या दिशेने. बाई डॉक्टरांनी सांगितलं तशा डावीकडच्या स्टुलावर बसल्या आणि त्याचा डावा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. हात उबदार होता. एवढी धारदार जीभ, पण ऐन वेळी तिला गंज चढला होता.

पलीकडे नर्स सलाईन बघत होती. पेंटर तिच्याशी बोलू लागला.

"सिस्टर, एक काम करा. आमच्या सरकारांना निरोप सांगा. म्हणावं, गोळी घेतो. रोज घेतो. चूक माझीच होती."

नर्सने मान वर करून बाईंकडे बघितलं.

"सकाळी रुसून गेली हो ती," पेंटर म्हणाला. "दिवसभर कामावर आली नाही. कधी असं करत नाही. भांडली तरी शेजारी उभी असते. मला एकट्याने भिंत पुरी करावी लागली. हाक मारल्यासारखी वाटायची, बघावं तर कुणी नाही. भाजीसुद्धा केली नाही तिने आज. म्हणजे फारच लागलं असणार तिला."

बाईंनी हातातला हात घट्ट दाबला. पेंटर नर्सकडेच बघत राहिला. मग बाईंना राहवलं नाही. त्या हात सोडून उठल्या, पलंगाला वळसा घालून खिडकीकडे गेल्या आणि त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

पेंटरचा चेहरा उजळला. "आलीस? कुठे होतीस गं दिवसभर?"

"इथेच होते हो. तुमच्या डाव्या हाताला. रोजच्या जागेवर."

पेंटरने विचार केला. खरंच मनापासून विचार केला, सकाळपासूनचं सगळं आठवून पाहिलं, आणि बायकोची समजूत काढावी तशा मऊ आवाजात म्हणाला,

"नाही गं. डाव्या हाताला कुणीच नव्हतं."

पदराने तोंड पुसून बाई पुन्हा वळसा घालून डावीकडे गेल्या, स्टुलावर बसल्या, तो हात उचलून मांडीवर घेतला आणि त्यांनी हाक मारली.